काळ्या घोड्याचा नाल

गाडी बंद पडते याला नानासोंची फारशी हरकत नव्हती. जुनी वस्तू, पडायचीच. त्यांना चीड होती ती गाडी पुन्हा चालू होते याची. मेलेलं जित्राब मेलेलं राहतं, त्याला एक शिस्त असते. ही गाडी मात्र भर रस्त्यात, मागं उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत असताना, न सांगता न सवरता मरायची. मग ढकलायला माणसं जमायची, बाह्या सरसावायची, गाडीच्या ढुंगणाला हात लावायची आणि तेवढ्यात ती एका किल्लीत अशी सुरू व्हायची, की मघापासून नानासोच डुलकी घेत होते असं वाटावं. जमलेली माणसं मग गाडीकडे न बघता नानासोंकडे बघायची.

"ह्यॅः!" नानासो म्हणायचे. विहिरीवरच्या मोटारीनं पाण्याऐवजी हवा ओढली की जसा आवाज येतो, तसा हा आवाज होता. कडेगावात तो सगळ्यांच्या ओळखीचा होता.

नानासोंनी उभी हयात फौजेत ट्रक हाकले होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण फौजेतून परतलेला माणूस आमच्याकडं मेजरच असतो, तसे तेही मेजर झाले. एका बाजूला बर्फाचा कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ, अशा वाटांवर त्यांचा ट्रक कधी अडला नव्हता. आता त्यांना अडवत होता स्वतःच्या घरापुढचा गतिरोधक. गावात नवा पुढारी निवडून आला, की पहिलं विकासकाम म्हणून आपल्या दारात एक गतिरोधक घालून घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं वेग कमी करून मान लववावी, एवढीच त्याची इच्छा. त्यामुळे कडेगावात रस्ता कमी आणि उंचवटे जास्त झाले होते. नानासोंची पांढरी गाडी यातल्या कुठल्या उंचवट्याला मान लववेल आणि कुठल्यापुढे थेट प्राण सोडेल, याचा नेम नव्हता.

नानासोंची गाडी जेवढी बदनाम होती, तेवढाच त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा प्रसिद्ध होता. आधी जुडगा ऐकू यायचा, मग नानासो दिसायचे. त्यात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली, खताच्या खोलीची, कपाटाची, फौजेतून आणलेल्या ट्रंकेची, आणि काही अशा कुलपांच्या किल्ल्या होत्या जी कुलपं कधीच हरवली होती, पण किल्ल्या फेकवत नव्हत्या. किल्ली अंगावेगळी करायची नाही, हे फौजेनं त्यांच्या हाडात भिनवलं होतं. बायकोच्या हातातही जुडगा त्यांनी कधी दिला नाही. भामाबाईंना कपाटातली साडी हवी असली, की "आवं, किल्ली द्या की" म्हणावं लागे. मग नानासो स्वतः उठत, कपाट उघडत, साडी निघेपर्यंत पहाऱ्यावरच्या शिपायासारखे शेजारी उभे राहत आणि कुलूप लावून परत जागेवर जाऊन बसत.

याच जुडग्यात गाडीची किल्ली होती. गाडी पहिल्यांदा मेली तेव्हा भामाबाईंनी म्हसवडला जाऊन सिद्धनाथाचं पितळी पदक आणलं आणि नानासोंच्या हातून जुडग्यात ओवून घेतलं. पदक जाडजूड होतं. देव असा हातात घेतल्यावर जाणवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर गाडी जास्तच मरू लागली. मग भामाबाईंनी पदकाच्या सोबतीला एक घंटी आणली.

नानासो नाइलाजानं बिरदेव मिस्त्रीकडे गेले. बिरदेव माणदेशातला. बापानं मेंढरं राखली, यानं गाड्या धरल्या. दोन्हीकडं जित्राब लंगडतंय कुठं ते बघायचं, असं तो म्हणे. त्याच्या शास्त्रात जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच होतं, ते म्हणजे कचरा. पण त्या दिवशी त्यानं एक शहाणा प्रश्न विचारला.

"मेजर, बंद पडताना पुढची लाल बत्ती लागती, का समदंच इझतं?"

"मी रस्त्याकडं बघून गाडी चालवतो, बत्तीकडं न्हाई."

"तसं न्हवं. बत्ती लागली तर येक दुखणं, न्हाई लागली तर दुसरं."

"मंजी गाडी मेली का जित्ती हाय ते मी बत्तीला इचारू? ह्यॅः! लागती म्हण."

"म्हण म्हंजे? बघितली का न्हाई?"

"लागती!" नानासो ओरडले. फौजेत गाडी हाकलेला माणूस समोरची बत्ती बघत नाही, हे एका मेंढक्याच्या पोराकडून ऐकून घेण्यापेक्षा थोडं खोटं बोललेलं बरं.

त्या एका शब्दावर गाडीचं पोट फाडलं गेलं. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये न्हाऊन निघाला, टाकी खाली उतरवून खंगाळली. टाकीतून चिमूटभर गाळ निघाला तेव्हा बिरदेवनं तो तळहातावर घेऊन शेजारच्या पानपट्टीपर्यंत दाखवून आणला. "कचरा!" तो म्हणाला. बारसं झाल्यासारखा त्याचा चेहरा होता. त्याच हातानं मग त्यानं नानासोंना चहाचा कप दिला. कपाच्या कडेवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. नानासोंनी कप फिरवला. दुसऱ्या बाजूला तर्जनीचा होता. त्यांनी चहा तसाच ठेवला.

"ट्रायल घितो, किल्ली द्या," बिरदेवनं हात पुढं केला.

नानासोंनी पाठ फिरवली आणि अंगावरचा सदरा काढावा तसं लाजत-लाजत, नखानं कडी उचकटून गाडीची एकच किल्ली सुटी केली. जुडगा परत खिशात गेला. "पेटीची किल्ली हाय त्यात, कपाटाची हाय. तुला गाडी चालवायचीय, कपाट न्हाई."

बिरदेव गावातले सगळे पुढारी आणि त्यांचे सगळे उंचवटे पालथे घालून आला. "लोण्यावानी चालती, मेजर."

नानासोंनी किल्ली जुडग्यात ओवली, गाडीत बसले आणि गॅरेजसमोरच्या पहिल्याच उंचवट्यावर गाडी मेली. बिरदेव दारात उभा राहून डोकं खाजवत होता. खाजवलेल्या जागी केसांना ग्रीस लागलं. नानासोंनी डोळे मिटून घेतले.

मग सांगलीला नेऊन झालं. तिथल्या काचेच्या गॅरेजात इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं होती आणि गाडीचं दुखणं पडद्यावर दाखवणारं एक यंत्र होतं. ते यंत्र लावायला या गाडीला भोकच नाही, हे कळायला त्यांना दुपार झाली. पोरांनी खुर्चीवर बसवून नानासोंना साखरेचा पाक घातलेली कॉफी पाजली, गाडीची एक किल्ली मागून घेतली, गाडी शहरभर फिरवली आणि शेवटी सगळ्यात गोंडस पोरगा हात जोडून म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. तुम्ही क्लच जरा हळू सोडत चला, हां?"

नानासोंना त्या 'हां'ची इतकी किळस आली की घरी येईपर्यंत त्यांनी रस्त्यात कुणालाही ओव्हरटेक करू दिलं नाही. फक्त गाडी मधूनमधून मरत होती तेवढ्या वेळात लोकांनी केलं ते केलं.

पण खरी आग लागली ती घरातून. मुलगा इंद्रजित पुण्याला नोकरीला. भामाबाईंच्या बहिणीच्या मुलीचा, साक्षीचा, माधवनगरला साखरपुडा होता, म्हणून तो आदल्या दिवशी गावी आला. त्यानं गाडीची कहाणी ऐकली आणि जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, "आबा, गाडी बिरदेवच्या हातात चालती. सांगलीच्या पोरांच्या हातात चालती. फक्त तुमच्या हातात मरती. मंजी..."

"मंजी काय?"

"मंजी काय न्हाई. वय झालं की हुतं."

नानासोंचा घास तोंडातच राहिला.

"उद्या शेवटचं बघू," इंद्रजित म्हणाला. "माधवनगरपर्यंत एकदाबी बंद न पडता गेली तर राहू दे गाडी. मधी बंद पडली तर भंगारात. आन् तुमी इथनं पुढं मामाच्या जीपमधनं जायचं-यायचं. मामा तयार हाय."

मामा म्हणजे भामाबाईंचा भाऊ लालासाहेब. तो नेहमीच तयार असायचा. त्याची जीप नवी आणि रंग शेंदरी. आत गुलाबाचा वास देणारी डबी आणि त्या वासाला पुरून उरणारा लालासाहेबाचा तंबाखूचा वास. तो चालत्या गाडीतून पिचकारी टाकायचा आणि वाऱ्याचं गणित त्याला कधी कळलं नसल्यामुळे त्यातली अर्धी मागच्या सीटवरच्या माणसाला प्रसाद म्हणून मिळायची. उरलेलं आयुष्य त्या मागच्या सीटवर! नानासोंच्या डोळ्यांपुढं बर्फाचे कडे येऊन गेले. त्या वेळी खाली गेलो असतो तर निदान स्वच्छ मेलो असतो, असं त्यांना वाटून गेलं.

सकाळी लालासाहेब हजर झाला. जीप इंद्रजितच्या ताब्यात देऊन त्याला पुढं पाठवलं आणि स्वतः साक्षीदार म्हणून नानासोंच्या शेजारी बसायला निघाला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दाजी, काळ्या घोड्याचा नाल! मिरजेस्नं आणलाय. आपोआप निखळलेला हाय, काढलेला न्हाई."

"घोडा कुठाय?"

"घोड्याचं काय करायचं?"

"न्हाई, निदान त्यो तरी चालतोय का बघू."

"चेष्टा करू नका, दाजी. किल्लीला बांधायचा असतोय. बघा गाडी बंद पडती का."

भामाबाई मागच्या सीटवर ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बांधा की आवं," त्या म्हणाल्या. "पडलीच बंद तर बांधला न्हाई म्हणून पडली असं हुईल."

हा मुद्दा बिनतोड होता. नालही जुडग्यात गेला. किल्ली गाडीत लावली तेव्हा जुडगा शेतातल्या बुजगावण्याला लटकवलेल्या डब्यासारखा हलू लागला आणि नालाचं टोक नानासोंच्या उजव्या गुडघ्यावर आपटू लागलं. नाल गंजलेला होता. नानासोंनी साखरपुड्यासाठी घातलेला कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा. घराबाहेर पडायच्या आतच त्यावर तांबडा ओरखडा उमटला.

"ह्यॅः!" त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, चारपदरी घडी करून गुडघ्यावर ठेवली आणि अख्खा जुडगा त्या गादीवर निजवला.

घरापुढचा उंचवटा आला. भामाबाईंनी डोळे मिटले. गाडी चढली, उतरली, चालू राहिली. नंतर सोसायटीसमोरचा उंचवटा आला आणि पुढं वेशीबाहेरचा तो कुप्रसिद्ध जुळा. तिथंही गाडी चालू राहिली. प्रत्येक उंचवट्यापाशी लालासाहेब नानासोंच्या तोंडाकडं बघायचा आणि पलीकडं गेल्यावर स्वतःच्या मांडीवर थाप मारून म्हणायचा, "नाल!"

नानासोंच्या छातीत कुठंतरी आशेचं काहीतरी हलत होतं आणि ती आशा लालासाहेबाच्या नालामुळं हलते आहे, याची त्यांना मनस्वी घाण वाटत होती.

तासगावात चहाला थांबले. लालासाहेबानं तेलानं थबथबलेले वडे हाणले, ढेकर दिली, इकडंतिकडं पुसायला काही आहे का पाहिलं आणि नानासोंनी सीटवर ठेवलेला टॉवेल उचलून त्याला हात पुसले, तोंड पुसलं, आणि वर मिशीतली तंबाखूही झाडली. मग घडी घालून, अगदी नीट, परत नानासोंपुढं धरला.

"घ्या दाजी."

नानासोंनी दोन बोटांत टॉवेलाचं टोक धरलं, मेलेला उंदीर न्यावा तसा गाडीच्या मागं नेला आणि डिकीत टाकून झाकण आपटलं. आता गुडघ्यावर गादी नव्हती. नालानं पायजमा रंगवायचा तेवढा रंगवला होताच. जुडगा मोकळा लोंबू लागला.

तासगाव मागं पडलं. लालासाहेबाला वड्यांची सुस्ती आली. मान मागं, तोंड उघडं, आतल्या दातांची सगळी दुरवस्था उघड्यावर मांडून तो घोरू लागला. नानासो शक्यतो उजवीकडंच बघत होते. पुढं उतार होता, उताराच्या शेवटी रंग उडालेला एक उंचवटा. गाडी त्यावरून धडकन उतरली आणि मेली.

आवाज नाही. नुसतं चाकांचं घरंगळणं आणि लालासाहेबाचं घोरणं.

सवयीप्रमाणे नानासोंचा हात किल्लीकडं गेला. एरवी ते न बघता किल्ली मागं घेत आणि पुन्हा पुढं फिरवत. पण आज सगळं आयुष्य या एका बंद पडण्यावर टांगलेलं होतं. त्यांनी खाली पाहिलं, तर लाल बत्ती लागलेली नव्हती. एकही बत्ती लागलेली नव्हती. आणि किल्ली जिथं असायला हवी तिथं नव्हती. ती आधीच मागं फिरलेली होती. कुणीतरी हात घालून गाडी बंद करावी तशी.

आणि गाडीत हात घालणारं दुसरं कुणी नव्हतं. किल्लीखाली पदक, घंटी, नाल आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या डुलत होत्या.

नानासोंनी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली, गाडी चालू. जुडगा तळहातावर झेलून जोरात हिंदकळवला, गाडी चालू. तळहात काढून घेतला आणि जुडग्याला खाली हिसका दिला, गाडी मेली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा मेली. वर्षानुवर्षं झिजलेलं ते किल्लीचं भोक जुडग्याच्या ओझ्यापुढं दर उंचवट्याला मान टाकत होतं. बिरदेवला दिली ती सुटी किल्ली. सांगलीच्या पोरांना दिली तीही सुटी. दुखणं त्यांनी प्रत्येक वैद्याच्या दारात नेलं होतं आणि दर वेळी ते खिशात घालून बाहेर उभे राहिले होते.

"आवं, काय चाललंय?" मागनं भामाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कचरा," नानासो म्हणाले.

"कुठं?"

नानासोंनी मान वर केली. आरशात त्यांना भामाबाईंचे डोळे दिसले. ते जुडग्यावर होते. जुडगा झेलला की चालू, सोडला की बंद, हा सगळा खेळ त्यांनी मागं बसून पाहिला होता. ज्या बाईनं इतकी वर्षं कपाटापाशी उभं राहून किल्लीची वाट पाहिली, तिला किल्लीतलं सांगायची गरज नव्हती.

आजवर नानासोंना गॅरेजातल्या ग्रीसची किळस आली होती, काचेतल्या 'हां'ची आली होती, टॉवेलाची तर आताच आली होती. पण ही किळस घरची होती. ती कुणावर फेकायची तेच कळेना.

त्यांनी नखानं कडी उचकटली आणि गाडीची किल्ली सुटी केली. उरलेला जुडगा हातात राहिला. खिशात घालून पाहिला, तर नालानं खिशाची शिवण उसवली. शेजारी ठेवावा तर लालासाहेब जागा व्हायचा. शेवटी त्यांनी मागं न बघता खांद्यावरून हात मागं केला.

"धर."

मग जुडगा हातातून उचलला गेला आणि साडीच्या निरीपाशी खोचल्याचा खुळखुळाट झाला. लग्नात हार घालतानाही नानासोंचे कान इतके तापले नव्हते.

माधवनगरला मांडवाच्या तोंडाशी इंद्रजित उभा होता. गाडी थांबली तसा लालासाहेब दचकून जागा झाला आणि हनुवटी पुसत बाहेर पडला.

"पडली का मधी बंद?" इंद्रजितनं विचारलं.

"पडती कशी?" लालासाहेब म्हणाला. "नाल हाय!"

इंद्रजितनं आईकडं पाहिलं. भामाबाई ओटीचं सामान सावरत म्हणाल्या, "तुझ्या मामाला इचार की. डोळ्यांत तेल घालून राखण केली त्यानं."

लालासाहेबाची छाती फुगली. पाहुणे जमलेच होते. त्यानं तिथंच गाडी, दाजी, सांगलीचं यंत्र आणि काळा घोडा अशी सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली आणि शेवटी नानासोंच्या खांद्यावर हात टाकला. त्या हाताला अजून वड्याचा वास होता.

"सांगा की दाजी समद्यांस्नी! लागू पडला का न्हाई नाल?"

नानासोंनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर तासगावपुढं गाडी बंद पडली होती, हेही सांगावं लागणार. मग गाडी भंगारात आणि ते शेंदरी जीपच्या मागच्या सीटवर. वर, इतके महिने बिघाड खिशात घेऊन फिरत होते, हे सगळ्या भावकीला कळणार.

"पडला," ते म्हणाले.

साखरपुड्याची जिलेबी त्यांना दिवसभर एरंडेलासारखी लागली.

गाडी राहिली. त्यानंतर ती कधी, कुठल्याही पुढाऱ्यापुढं मेली नाही. किल्लीचं भोक मात्र नानासोंनी बदललं नाही. बदलायला बिरदेवकडं जावं लागलं असतं, आणि बिरदेवनं बत्तीचं विचारलं असतं.

पण लालासाहेब गप्प बसणारा नव्हता. त्यानं मिरजेहून पोतंभर नाल आणले. मिरजेत एवढे काळे घोडे कुठून आले, असं कुणी विचारलं नाही. भावकीत, सोसायटीत, दूधवाल्यांत, टेंपोवाल्यांत त्यानं ते वाटले. "किल्लीलाच बांधा. मेजरची गाडी बघितली न्हवं?" आणि बघता-बघता कडेगावातल्या धडधाकट जुन्या गाड्या मरायला लागल्या. विशेषतः नानासोंच्या दारातल्या उंचवट्यावर. नानासो ओट्यावर बसलेले असत. एक टेंपो मेला, मग एक जीप, मग दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल. बिरदेवच्या गॅरेजात रांग लागली. तो धापा टाकत नानासोंकडं आला.

"मेजर, कायतरी साथ आली वाटतं! माझ्या हातात समद्या चालत्यात."

"किल्ली सुटी करून देत असतील लोकं," नानासोंच्या तोंडून निसटलं.

"व्हय, जुडग्यासकट कोण देतंय? का वं?"

"काय न्हाई. कचरा आसंल."

दारात आणखी एक मोटरसायकल मेली. तिच्यावरचा दूधवाला धैर्यशील लाथा मारमारून घामाघूम झाला. नालाचा तांबडा गंज त्याच्या पॅन्टीवर अगदी ओळखीच्या जागी उमटला होता. नानासोंना ते बघवेना. ते उठून रस्त्यावर आले.

"त्यो नाल काढ."

"का वं मेजर? लालासाहेबांनी दिलाय."

का ते सांगता येत नव्हतं. नानासोंनी दात-ओठ खाल्ले, आभाळाकडं पाहिलं आणि ते म्हणाले, "किल्लीला लावला की तेज जातंय त्याचं. डिकीत ठिवायचा असतोय. टॉवेलात गुंडाळून."

"पर ह्याला डिकी कुठाय?"

"मग घरी ठिव, देव्हाऱ्यामागं. आन् किल्ली सुटी ठिवायची. मोकळी. नालाला दुसरं लोखंड खपत न्हाई."

धैर्यशीलनं भक्तिभावानं नाल काढून आहेरात मिळालेल्या धोतरजोडीसारखा कपाळाला लावला. मोटरसायकल एका लाथेत सुरू झाली आणि उंचवट्यावरून टुणकन गेली. ही बातमी संध्याकाळच्या दुधाबरोबर गावभर पोचली.

तेव्हापासून लोक लालासाहेबाला सोडून नानासोंच्या ओट्यावर येऊ लागले. नालाचं तोंड कुठल्या दिशेला असावं? तेल लावावं का? सुतकात चालतो का? "लालासाहेबापेक्षा मेजरला नालातलं जास्त कळतंय," असं लोक उघड म्हणू लागले. लालासाहेब रुसला. काहींनी तर नानासोंच्या पाया पडायला सुरुवात केली. वाकलेल्या प्रत्येक डोक्यावर नानासो "ह्यॅः!" म्हणत, आणि लोकांना तोच मंत्र वाटे.

एका सकाळी अशीच मंडळी कटवून ते आत आले. बाहेर जायचं होतं, इस्त्रीचा सदरा कपाटात होता. ते सवयीनं खिसा चाचपत कपाटापुढं उभे राहिले आणि तसेच थांबले. चुलीपाशी भामाबाई भाकरी थापत होत्या. कमरेला घंटी, पदक, नाल आणि सगळी कुलपं.

"काय हवंय, नालमहाराज?"

"सदरा."

"मग म्हणा की."

नानासोंनी घसा साफ केला. "आगं, किल्ली दे की."

भामाबाई सावकाश उठल्या, हात धुतले, स्वतः कपाट उघडलं, सदरा बाहेर निघेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या आणि कुलूप लावून परत चुलीपाशी जाऊन बसल्या. बाहेर आल्यावर नानासोंनी सुटी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि दारातल्या उंचवट्यावरून, नुसती मान लववून, निघून गेली.